जुना पासवर्ड



या वेळी तुम्हाला लॅपटॉपची गोष्ट सांगणार आहे. नाक मुरडू नका. कीर्तनकार महाराज दृष्टांत द्यायला नांगर, जाते, माठ, मोट काय काय घेतात. मोट आता कुणाच्या विहिरीवर राहिली आहे? आमच्या गावात तर विहीरही राहिली नाही. मग आमच्याकडे जे आहे त्याचाच दृष्टांत द्यावा लागणार.

मी हिंजवडी गावठाणातला. हिंजवडी म्हटले की तुम्हाला काचेच्या इमारती आणि तासन् तास अडकलेल्या गाड्या आठवत असतील. आम्हाला म्हातोबाचे देऊळ आठवते, हनुमान जयंतीच्या बगाडाची मिरवणूक आठवते, आणि जिथे आता राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा आहे तिथली भातखाचरे आठवतात. आमचेही रान त्यात गेले. त्याबद्दल मला आज तक्रार करायची नाही. रान गेले, मोबदला आला. घर रानाने मोडले नाही, मोबदल्याने मोडले.

आम्ही दोघे भाऊ. मी थोरला. वडील होते तोवर पैसा त्यांच्या नावावर होता आणि चूल एक होती. २०१२ साली वडील वैकुंठवासी झाले आणि वर्षभरात वाटणीवरून आमचे बिनसले. कोण बरोबर, कोण चूक हे इथे लिहीत नाही. माझ्या बाजूने लिहिले तर मीच बरोबर ठरेन, आणि धाकट्याने लिहिले तर तो. एवढेच सांगतो की मूळ दगडमातीच्या घराचे दोन भाग झाले, मधल्या दोन फुटी भिंतीतले दार बुजवले गेले आणि सात वर्षे आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

आता माझी लाज सांगतो. दोघेही माळकरी. दोघेही एकाच दिंडीत. देहूपासून पंढरपूरपर्यंत तो पुढच्या ओळीत टाळ घेऊन चालायचा आणि मी मागच्या. मुक्कामाला मी परक्या माणसांच्या पायांवर डोके ठेवायचो. ज्यांचे गाव माहीत नाही, जात माहीत नाही, अशांना ‘माउली’ म्हणून वाकायचो. तो समोरून आला की मात्र माझे टाळाचे दोर सैल व्हायचे आणि ते बांधायला मी बाजूला जायचो. सात वाऱ्यांत हजारो पायांना हात लावला. दोन पाय तेवढे राहिले.

मग २०२० साल आले. तुम्हालाही ते साल विसरता येणार नाही. पायी वारी होणार नाही, असे ठरले. देहूतून तुकोबारायांच्या पालखीचे प्रस्थान १२ जूनला, पण मोजक्याच लोकांत. पुढे पादुका देहूतच राहणार आणि दशमीला एसटीने पंढरपुरी जाणार. हिंजवडीहून देहू काही दूर नाही. पहाटे निघालेला माणूस दुपारच्या आत पायी पोचतो. तरी तिथे जायला मनाई. प्रस्थान घरबसल्या थेट दाखवणार आहेत, असे कळले. आमच्या घरी टीव्ही नादुरुस्त होऊन पडलेला, दुरुस्तीला माणूस यायला तयार नाही. मुलाचा धंदा कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची ने-आण करण्याचा. कंपन्या घरून चालू लागल्या आणि गाडी दारात उभी राहिली. भाडेकरू मुले आपापल्या गावी गेली. हातात पैसा नव्हता. घरात मोबाईल एक, त्यावर रोजचा डेटा दीड जीबी, आणि जाड भिंतींमुळे रेंज फक्त उंबऱ्यावर. नात दहावीत. तिचे वर्गही मोबाईलवर सुरू व्हायचे होते.

प्रस्थानाच्या आदल्या दिवशी नातीने कपाटातून बापाचा जुना लॅपटॉप काढला. चार-पाच वर्षे तो तिथेच पडलेला. धूळ पुसली, वायर जोडली. बराच वेळ घुरघुर करून चालू झाला, पण वायफायच्या खुणेवर लाल फुली. नातीने इकडेतिकडे बोटे फिरवली. काही होईना. मग तिला कडेला एक बारीकशी सरकती कळ दिसली. जुन्या लॅपटॉपला वायफाय चालू-बंद करायची अशी वेगळी कळ असते. ती बंद होती. सरकवली आणि पडद्यावर नावांची यादी उमटली.

तुमच्याकडे असे यंत्र असेल आणि जोडले जात नसेल, तर आधी हे पाहा. कडेची कळ, किंवा विमानाचे चित्र असलेले बटण. रेडिओच बंद असेल तर पुढचे सगळे कष्ट वाया. आपणही कितीदा देवाला दूषण देतो आणि आपलीच कळ बंद असते.

यादीत पहिलेच नाव होते आमच्या वडिलांचे.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले. वडिलांचेच नाव, इंग्रजीत, आडनावासकट, पुढे कुलपाचे चित्र. नात म्हणाली, “आप्पा, हे नानांकडचं वायफाय आहे. काकाने लावलेलं.” काका म्हणजे माझा पुतण्या. आयटीत आहे. आम्ही एकत्र होतो तेव्हाच त्याने घरी नेट घेतले आणि नेटवर्कला आजोबांचे नाव दिले. ते मला तेव्हा माहीत नव्हते. म्हणजे सात वर्षे रात्रंदिवस त्या भिंतीतून माझ्या बापाचे नाव माझ्या घरात येत होते, आणि ते ऐकायचे यंत्र मी कपाटात ठेवले होते.

या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्या खोट्या नाहीत. १८९५ साली कोलकात्याला जगदीशचंद्र बोस यांनी अशाच जातीच्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून तिकडची घंटा वाजवून दाखवली होती. वायफायचा डबा त्याच तत्त्वावर चालतो. थोड्या थोड्या वेळाने आपले नाव पुकारत असतो, सेकंदाला साधारण दहा वेळा. ज्याला जोडून घ्यायचे त्याने ते नाव ऐकावे आणि हाक द्यावी. भिंत आड आली की लहर क्षीण होते. पाणी आणि लोखंड तिला फार अडवतात. म्हणून डबा पाण्याच्या टाकीमागे किंवा लोखंडी कपाटात ठेवू नये, उंचावर मोकळा ठेवावा. लहर कमकुवत असेल तर हे आधी करून पाहावे. आणखी एक गमतीची गोष्ट पुतण्याने नंतर सांगितली. २००५ पासून आपल्या देशात या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला परवाना लागत नाही. तो पट्टा सगळ्यांना मोकळा. मी म्हटले, बरे झाले, या एका गोष्टीचा सातबारा नाही!

असो. तर लॅपटॉपने वडिलांचे नाव पाहिले आणि कुणी न सांगता आपण होऊन जोडायला निघाला. गोल फिरत राहिला आणि शेवटी म्हणाला, जोडता येत नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी नातीला म्हटले, “बिघडलाय गं हा. ठेव कपाटात.”

ती म्हणाली, “बिघडला नाही आप्पा. याला जुना पासवर्ड आठवतोय, म्हणून हा जोडला जात नाही.”

माउली, मी साठ वर्षे कीर्तने ऐकली. काकड्याला उभा राहिलो, पारायणाला बसलो. पण त्या पोरीचे ते वाक्य जसे आत गेले तसे फार थोडे गेले असेल.

तिने मला समजावून सांगितले. यंत्र एकदा ज्या नेटवर्कला जोडले जाते त्याचे नाव आणि पासवर्ड जपून ठेवते. पुढच्या वेळी विचारत नाही, जुनाच पासवर्ड पुढे करते. तिकडे पासवर्ड बदलला असेल तर तिकडून नकार येतो. यंत्राला वाटते, मी तर बरोबर सांगतोय. त्याच्या परीने ते खरेही असते. एके काळी तो पासवर्ड बरोबरच होता. आमचे बिनसल्यावर धाकट्याच्या घरी पासवर्ड बदलला गेला. त्यात त्याचे काय चुकले? भिंत बुजवायला गवंडी मीच आणला होता.

यावर उपाय एकच. यादीतल्या त्या नावावर जायचे आणि तिथे ‘फर्गेट’ असे लिहिलेले असते ते दाबायचे. म्हणजे विसरा. मी घाबरून विचारले, “मग ते नाव जाईल का?” नात हसली. “नाव कुठं जातंय? नाव तिकडून येतंय. आपण फक्त आपल्याकडचा जुना पासवर्ड पुसायचा. मग तो नव्याने विचारतो.” तिने बटण दाबले. क्षणभर नाव गेले आणि लगेच पुन्हा यादीत आले. तेच नाव, तेच कुलूप. फरक एवढाच की आता पडदा आपण होऊन काही ठरवत नव्हता. एक रिकामी चौकट दाखवून विचारत होता, पासवर्ड काय?

तो आमच्याकडे नव्हता. तो भिंतीपलीकडे होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रस्थान पाहण्यासाठी भावाच्या दारात जायचे? त्याने दार लावून घेतले तर? आणि मन किती लबाड असते पाहा. ते म्हणाले, एक वर्ष प्रस्थान नाही पाहिले म्हणून काय बिघडते, देव मनात आहे. देव मनात आहे हे मला नेमके तेव्हाच आठवले, जेव्हा भावाच्या दारात जायची वेळ आली.

मग तुकोबाराय आठवले. तुम्हाला ती कथा माहीत आहे. घरात लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची खते होती. तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवायला काढली. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, मला संसार करायचा आहे. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांच्या वाट्याची त्यांना दिली आणि आपल्या वाट्याची डोहात सोडली. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो, पण तिच्यातली एक गोष्ट त्या रात्री पहिल्यांदा दिसली. तुकोबांनी कान्होबांची खते बुडवली नाहीत. ‘तूही सोडून दे’ असा आग्रह धरला नाही. बुडवायचा अधिकार आपल्या निम्म्यावरच असतो, हे त्यांनी ओळखले. आणि खते बुडवली, भाऊ बुडवला नाही.

मी सात वर्षे वाट पाहत होतो की धाकट्याने आधी त्याची खते बुडवावीत. लॅपटॉपमधले ते बटण फक्त आपल्या बाजूचे विसरायला सांगते. पलीकडच्या डब्यातले काही त्याने पुसत नाही, पुसता येतही नाही.

सकाळी हरिपाठ म्हणून उठलो, तोंडाला उपरणे बांधले आणि त्याच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. दार उघडेच होते. तो ओट्यावर बसून टाळाच्या दोऱ्या बदलत होता. वारी नाही हे माहीत असून टाळाला नवी दोरी. मी काय बोलायचे ते रात्रभर पाठ केले होते. त्यातले काही आठवले नाही. म्हणालो, “अरे, प्रस्थान बघायचंय. तुझ्याकडचा तो वायफायचा पासवर्ड पाहिजे होता.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आत तोंड करून हाक मारली, “अगं, दादा आलाय. चहा टाक.”

सात वर्षांनी ‘दादा’ ऐकले. मला वाटले वाकावे. पाय समोरच होते, चार हातांवर. पण तो लगेच म्हणाला, “दादा, लांबूनच हां. माझा पोरगा परवा कंपनीत जाऊन आलाय.” रोगाचे दिवस होते ते. बघा माउली, सात वर्षे वाकायला कुणाची मनाई नव्हती तेव्हा मी वाकलो नाही. वाकावेसे वाटले तेव्हा वाकता आले नाही. चहाही मी अंगणातच, त्यांनी कट्ट्यावर ठेवलेल्या कपातून प्यालो. पुतण्याने चिठ्ठीवर पासवर्ड लिहून दिला.

घरी येऊन मीच टाइप करायला बसलो. दोनदा चुकला. पडद्यावर अक्षरांऐवजी काळे ठिपके दिसतात, म्हणून कुठे चुकलो ते कळेना. नातीने शेजारचे डोळ्याचे चित्र दाबले, तशी अक्षरे दिसली. पहिले अक्षर मोठे हवे होते, मी लहान टाकले होते. या पासवर्डात मोठ्या-लहान अक्षरांत भेद असतो, आणि तो निदान आठ अक्षरांचा असतो. पासवर्ड काय होता ते इथे सांगत नाही. एक तर तो सांगायचा नसतो, आणि दुसरे म्हणजे पुतण्या रागवेल. तिसऱ्यांदा जोडले गेले.

पुतण्याने नंतर मला यातली खुबी सांगितली. आपण पासवर्ड टाकतो तेव्हा तो पासवर्ड हवेतून तसाच जात नाही. लॅपटॉप आणि डबा यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. एक जण कोडे घालतो, दुसरा ते सोडवतो, तोही उलट आपले कोडे पाठवतो. दोघांकडे गुपित एकच असेल तरच हिशोब जुळतो. गुपित एकदाही उघडे उच्चारले जात नाही, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांची खूण पटते. मी त्याला म्हटले, “हे तर आपल्या पाया पडण्यासारखंच झालं.” वारीत दोन वारकरी भेटतात तेव्हा एक वाकतो आणि दुसरा नुसता उभा राहत नाही. दोघे वाकतात. तू कोण, मी कोण हे कुणी विचारत नाही. आत जे आहे ते दोघांकडे सारखे आहे, एवढी खूण पटली की झाले.

जोडले गेले खरे, पण अजून एक विघ्न होते. प्रस्थानाचे पान उघडेना. सारखी सूचना यायची की ही जोडणी सुरक्षित नाही. नात खालच्या कोपऱ्यात पाहून ओरडली, “आप्पा, तारीख बघा!” लॅपटॉपवर १ जानेवारी २००९ होती. इतकी वर्षे पडून त्याच्या आतल्या घड्याळाचा सेल संपला होता. संकेतस्थळांकडे आपल्या खरेपणाचा दाखला असतो, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेले असते. यंत्राची तारीखच चुकली तर त्याला खरा दाखलाही खोटा वाटतो. नातीने तारीख दुरुस्त केली आणि पान उघडले. वायफाय जोडलेले दिसते पण काही उघडत नाही, अशी वेळ आली तर तारीख जरूर पाहा.

पण मी त्या २००९ कडे बघत राहिलो होतो. आमच्या भांडणाच्या आधीची तारीख होती ती. तेव्हा वडील होते, दार बुजवलेले नव्हते, आणि आम्ही दोघे एका ताटात जेवत होतो.

दुपारी प्रस्थान सुरू झाले. चित्र मधेच थांबायचे, पुन्हा चालायचे. जुना लॅपटॉप आणि मधे दोन फूट भिंत. थोड्या वेळाने चित्र एकाएकी नीट चालू लागले. संध्याकाळी कळले की धाकट्याने वायफायचा डबा माजघरातून काढून आमच्या भिंतीतल्या कोनाड्यात आणून ठेवला होता. जिथे पूर्वी दार होते, त्याच्या शेजारचा कोनाडा. तो मला काही बोलला नाही. मला पुतण्याने सांगितले.

पादुका बाहेर आल्या तेव्हा मी घरात उभा राहून टाळ वाजवला. भिंतीपलीकडूनही टाळ ऐकू आला. त्याची जुनीच सवय, तो अर्धी मात्रा पुढे असतो. आळंदीची ती भिंत आठवली. माउलींनी भिंत चालवली तेव्हा चारही भावंडे एकाच भिंतीवर बसलेली होती. आम्ही एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसलो होतो. आमची भिंत काही चालली नाही, ती अजून तिथेच आहे. पण त्या दिवशी ती आमच्या आड आली नाही.

३० जूनला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. तेव्हा लॅपटॉप अंगणात मांडला आणि दोन्ही घरांनी मिळून पाहिले, अंतर राखून. नातीचे दहावीचे वर्गही त्याच नेटवर झाले. महिन्याचे निम्मे पैसे मी देऊ केले. धाकटा नको म्हणाला, वहिनी म्हणाल्या, घ्या, भावाभावांत हिशोब स्वच्छ असावा. वाटणीचा मोठा हिशोब तसाच आहे. तो एका बटणाने मिटला असे मी तुम्हाला सांगणार नाही. अजूनही कधी आवाज चढतो. पण आता बोलता बोलता चढतो, आणि बोलता बोलताच उतरतो.

२०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली. देहूत इंद्रायणीकाठी आमची दिंडी उभी राहिली. तो पुढच्या ओळीत, मी मागच्या. मी टाळ गळ्यात अडकवला आणि पुढे गेलो. मी थोरला, तरी मी वाकलो. तो गडबडला, “दादा, काय करतोस,” म्हणत तोही खाली वाकला आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. मागचा विणेकरी हसला. माझ्या कपाळाला टेंगूळ आले, ते वाखरीपर्यंत होते.

माउली, पुढची वारी जवळ येते आहे. पिशवी भराल, टाळाच्या दोऱ्या तपासाल, चपला शिवून घ्याल. त्याबरोबर आत एकदा ती यादीही उघडून पाहा. ज्यांच्याशी जोडणी तुटली आहे त्यांची नावे तिथे असतात. आपण जुनेच काहीतरी पुन्हा पुन्हा पुढे करतो आणि नकार आला की म्हणतो, पलीकडचा बिघडला. नाव पुसायचे नाही. आपल्या वाट्याचे तेवढे पुसायचे, आणि नवे काय आहे ते विचारायला उठून जायचे.

दार बंद असेल असे वाटते. आधी जाऊन तरी पाहा.

रामकृष्ण हरी.